रोमला दुसऱ्यांदा जाताना: कोणती चर्च, किती म्युझियम्स?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा रोमला जाताय, हातात साडेचार दिवस आहेत. पहिल्या वेळी टूरबरोबर दोन दिवसांत व्हॅटिकन, कलोसियम, पँथिऑन आणि त्रेव्ही उरकलं. आता चित्रं-शिल्पं निवांत बघायची म्हणून तुम्ही २१ नावांची यादी केलीय, त्यात ९ म्युझियम्स आणि १२ चर्च. मिस्टर इंजिनिअर आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की तीन चर्च बघितली की पुढची सगळी सारखीच दिसतात. तर यादीतलं काय ठेवावं आणि काय गाळावं?

यादी मी दोनदा वाचली. एकही नाव गाळण्यासारखं नाही, आणि तीच तिची अडचण आहे. 'सर्वोत्तम कोणतं' या प्रश्नाला रोममध्ये शेवट नाही. पहिल्या फेरीला तो प्रश्न चालून जातो, कारण सिस्टिन चॅपल न बघता परतलो तर घरचे विचारणार. दुसऱ्या फेरीला असं विचारणारं कुणी नसतं. म्हणून 'काय राहिलंय' इथून सुरुवात करू नका. राहिलेलं कधीच संपत नाही. पहिल्या वेळचं काय डोक्यात अडकून बसलंय, तिथून सुरुवात करा.

गेली सोळा वर्षं मी छोटे गट घेऊन इटलीत जातेय. दुसऱ्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी हा एकच प्रश्न विचारते. तुमच्या बाबतीत विचारायची गरजच पडली नाही, कारण उत्तर तुम्ही जाता जाता लिहून गेलाय: 'व्हॅटिकनच्या चित्रांच्या दालनातून गाइडने पळवत नेलं. एका काळोख्या चित्रात काही माणसं एक प्रेत खाली उतरवत होती, तिथे थांबायचं होतं पण जमलं नाही.' ते चित्र काराव्हाज्जोचं आहे, येशूला कबरीत ठेवतानाचं, १६०३-०४ च्या सुमाराचं. तुमच्या सहलीचा धागा हाच. यादीतली निम्मी निवड त्याने आपोआप होते.

पण आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. बोर्गेझे गॅलरीचं तिकीट मिळतंय का, तुमच्या दिवसांत सोमवार आणि रविवार कुठे पडतात, गुडघे किती साथ देतात, आणि ऐनवेळी एखाद्या चर्चमध्ये लग्न किंवा अंत्यविधी निघतो का, यातलं मला इथे बसून काहीच कळणार नाही. एकदा फक्त एका चॅपलसाठी (चर्चच्या आतलं छोटं प्रार्थनास्थान) मी गटाला पाऊण तास चालवत नेलं आणि आत गेलो तर चॅपलवर छतापर्यंत पडदा. साफसफाईचं काम चालू होतं. चौकशी न करता निघाले ही चूक माझीच. तेव्हा खाली मी जो क्रम देतेय तो दगडावरची रेघ समजू नका. दिवस अदलाबदल करा, पण एका दिवसातली जोडी शक्यतो मोडू नका.

जोडी का, तेही सांगते. माझा नियम साधा आहे: एका दिवसात एक म्युझियम आणि सकाळी फार तर तीन चर्च, तीही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हा नियम मी पुस्तकात वाचला नाही, तोंडघशी पडून शिकले. या कामात नवीन असताना उत्साहाच्या भरात मी एका दिवसात सात चर्च दाखवली. पाचव्या चर्चमध्ये घुमटाबद्दल तावातावाने बोलत होते. मागे वळून बघते तर अकरापैकी आठ जण बाकांवर टेकलेले, आणि एक काका बूट काढून तळवे चोळत बसलेले. रात्री जेवताना विचारलं, आज काय आवडलं? 'ते सोनेरी छताचं,' असं चौघं म्हणाले, आणि चौघांचं चर्च वेगळं निघालं! तुमच्या मिस्टरांचं 'सगळी सारखीच' हे त्यामुळे मला अजिबात चुकीचं वाटत नाही. एकामागून एक बघितली की ती सारखी होतातच.

दुसरं कारण घड्याळाचं आहे. रोममधली बरीच चर्च दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला बंद होतात आणि साडेतीन-चारला पुन्हा उघडतात. म्युझियम्स दुपारभर चालू असतात. म्हणजे दिवसाचा साचा ठरलेलाच आहे: सकाळी चर्च, दुपारी म्युझियम, हौस उरली तर संध्याकाळी आणखी एक चर्च. उलटं केलंत, सकाळी ताजेतवाने म्युझियमला गेलात, तर दुपारी एक वाजता तुम्ही बंद दारासमोर उभे. कुठलं चर्च किती महत्त्वाचं यापेक्षा ते किती वाजता उघडं आहे, यावर रोममधली निम्मी निवड होते. हे कुणी कबूल करत नाही, इतकंच.

आता धागा पकडू.

पहिला दिवस, पियात्सा नव्होनाच्या आसपास. सुरुवात किएझा नुओव्हा या चर्चपासून करा. तुमच्या यादीत ते नाही, आणि साहजिक आहे, कारण तिथे काराव्हाज्जोची नक्कल आहे. पण तुम्हाला अडकवणारं ते चित्र मुळात याच चर्चमधल्या एका चॅपलसाठी काढलेलं. नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी ते पॅरिसला नेलं, १८१५ नंतर ते परत आलं, पण घरी न येता व्हॅटिकनमध्ये गेलं. मूळ जागी आता प्रत लावलेली आहे.

त्या प्रतीसमोर पाच मिनिटं उभ्या राहा. चित्रात माणसं ज्या दगडी लादीवर उभी आहेत तिचा एक कोपरा थेट आपल्या अंगावर आल्यासारखा पुढे काढलाय. व्हॅटिकनमध्ये तो कोपरा नुसता समोरच्या गर्दीकडे रोखलेला असतो. इथे त्या कोपऱ्याखाली वेदी आहे. पाद्री वेदीपाशी उभा राहून प्रसादाची भाकरी दोन्ही हातांनी वर उचलतो, 'हे माझं शरीर आहे' असं म्हणतो, आणि त्याच्या डोक्यावर चित्रातलं ते शरीर खाली उतरतंय. चित्रकाराने हिशोब करून जमवलेली ही गाठ आहे. मूळ चित्र म्युझियममध्ये आणि गाठ इथे, असं झालंय. सामान्य दर्जाची प्रत योग्य जागी बघून जे कळतं, ते अस्सल चित्र भलत्या जागी बघून कळत नाही. रोममध्ये चर्च का बघायची याचं माझ्याकडे हेच उत्तर आहे. धर्माशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही.

आल्यासारखं तिथल्या मुख्य वेदीकडेही बघून घ्या, रूबेन्सची चित्रं आहेत. त्याने ती लाकूड-कापड सोडून पाटीच्या दगडावर रंगवली, कारण कॅनव्हासवर प्रकाश चमकून चित्र नीट दिसत नव्हतं.

मग सान लुईजी देई फ्रान्चेझी. हे रोममधलं फ्रेंचांचं चर्च. डावीकडच्या शेवटच्या चॅपलमध्ये संत मॅथ्यूवरची काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, १५९९ ते १६०२ या काळातली. गर्दी असेल. तिथे एक पेटी असते, नाणं टाकलं की खट् आवाज होऊन दिवे लागतात आणि काही मिनिटांनी आपोआप विझतात. दिवे विझले की सगळे 'अरेरे' करतात आणि पुढचं नाणं शोधायला लागतात. मी माझ्या गटाला सांगते, थांबा. मिनिटभर अंधारातच बघा. डोळे सरावले की डाव्या भिंतीवरच्या चित्रात उजवीकडून येणारा तिरपा उजेड दिसायला लागतो, आणि मान थोडी वळवली की वेदीच्या वर खरोखरची खिडकी आहे. चित्रातला उजेड त्या खिडकीतून आल्यासारखा रंगवलाय. दिव्यांच्या झगमगाटात हे निसटतं. त्यानंतर खुशाल नाणं टाका आणि तपशील बघा. मधल्या चित्रात मॅथ्यू ज्या स्टुलावर गुडघा टेकून लिहितोय त्याचा एक पाय काठाबाहेर आलाय, आत्ता वेदीवर कोसळेल असा. हे चित्र दुसऱ्या खेपेचं आहे. पहिलं नाकारलं गेलं, ते पुढे बर्लिनला पोचलं आणि १९४५ मध्ये नष्ट झालं.

तिथून तीन-चार मिनिटांवर सांत आगोस्तीनो. शिरल्यावर डावीकडच्या पहिल्याच चॅपलमध्ये काराव्हाज्जोची लोरेतोची मेरी आहे. दारात उभी असलेली मेरी, कडेवर बाळ, आणि समोर गुडघे टेकलेलं एक गरीब म्हातारं जोडपं, पाठमोरं. म्हाताऱ्याचे उघडे, मळलेले तळवे बरोबर बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. चित्र लागलं तेव्हा यावरून मोठी कुजबूज झाली होती, असं त्याच काळातल्या बाल्योने या चित्रकाराने लिहून ठेवलंय. माझ्या एका गटात दरवर्षी वारीला जाणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना मी काहीच समजावलं नव्हतं. त्या जवळ गेल्या, तळव्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'हे चालत आलेत.' बस्स. यात्रेकरूंचंच चित्र आहे ते. त्यानंतर माझं व्याख्यान मी बरंच छाटलं. याच चर्चमध्ये एका खांबावर राफाएलने १५१२ मध्ये रंगवलेला संदेष्टा इसाया आहे. वर बघायला विसरू नका.

दुपारी दोरिया पाम्फिली. हा एका घराण्याचा वाडा, संग्रह अजून त्यांच्याच मालकीचा. चित्रं जुन्या पद्धतीने जमिनीपासून छतापर्यंत दाटीवाटीने टांगलेली. सगळं बघायचा प्रयत्न केलात तर डोकं भणभणेल. दोनच गोष्टींसाठी जा. एक म्हणजे तरुण काराव्हाज्जोचं इजिप्तच्या वाटेवरच्या विसाव्याचं चित्र. त्यात पाठमोरा देवदूत व्हायोलिन वाजवतोय आणि म्हातारा जोसेफ त्याच्यापुढे स्वरलिपीचा कागद धरून बसलाय. ती स्वरलिपी वाचता येते इतकी नेमकी आहे! सकाळच्या काळोखानंतर हे उजळ, हळुवार चित्र बघितलं की हा माणूस दहा वर्षांत कुठून कुठे गेला ते समजतं. दुसरी गोष्ट म्हणजे व्हेलास्केझने १६५० मध्ये काढलेलं पोप इनोसंट दहावे यांचं चित्र. छोट्याशा खोलीत ते आहे आणि शेजारीच त्याच पोपचा बर्निनीने घडवलेला अर्धपुतळा. एकच माणूस, दोन नजरा. कुणाचा पोप खरा वाटतो यावर तुम्ही दोघं बाहेर पडून भांडा, मजा येते.

संध्याकाळी साडेपाचला जेझू चर्चमध्ये पोचा. हे खास मिस्टरांसाठी. संत इग्नेशियसच्या चॅपलमध्ये रोज त्या वेळेला संगीत सुरू होतं, वेदीवरचं भलंमोठं चित्र यंत्राने खाली सरकत जातं आणि मागचा पुतळा उघडा पडतो. १७ व्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं हे चॅपल आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराने आखलं. त्याच्या समोरच्या बाजूला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं चॅपल आहे. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, त्यांचा उजवा हात इथे ठेवलेला आहे. आपल्याकडच्या लोकांना हे माहीतच नसतं.

दुसरा दिवस हलका आहे. सकाळी सांता मारिया देल पोपोलो. मुख्य वेदीच्या डावीकडच्या चॅपलमध्ये काराव्हाज्जोची दोन चित्रं समोरासमोरच्या भिंतींवर आहेत: घोड्यावरून पडलेला पॉल आणि उलटा क्रूसावर चढवला जाणारा पीटर. मध्ये वेदीवर आन्नीबाले कार्राच्चीचं चित्र, त्या काळात काराव्हाज्जोइतकंच, किंबहुना जास्तच मान असलेल्या चित्रकाराचं. चॅपल अरुंद आहे, आत जाता येत नाही, त्यामुळे बाजूची चित्रं तिरकीच दिसतात. पुष्कळ जण यावर वैतागतात. पण चित्रकाराला हे ठाऊक होतं. ती तिरकी दिसणार हे धरूनच आकृत्यांची मांडणी केलीय. पॉलच्या चित्रात निम्मी जागा घोड्याने खाल्लीय, आणि त्या घोड्याचं ढुंगण बरोबर कार्राच्चीच्या चित्राकडे आहे. मुद्दाम केलंय की नाही हे कुणी सिद्ध करू शकत नाही. माझं मत विचाराल तर, केलंय.

त्याच चर्चमधलं राफाएलने आखलेलं किजी चॅपल बघा, बर्निनीचे दोन पुतळे तिथे आहेत. मग पिंच्योची टेकडी चढून, बागेतून रमतगमत बोर्गेझे गॅलरीला या. तिथे आगाऊ वेळ घेतल्याशिवाय प्रवेश नाही, आणि आत दोन तासच मिळतात. लोकांना ही अट जाचक वाटते. मला ती वरदान वाटते, कारण दोन तासांनंतर डोळे तसेही काही घेत नाहीत. बर्निनीची अपोलो-दाफ्नी (अपोलो देव पाठलाग करतो आणि दाफ्नीचं झाड होतं, ते शिल्प) समोरून बघून पुढे सरकू नका. उजव्या बाजूने, अपोलोच्या पाठीकडून हळूहळू फेरी मारा: आधी नुसता धावणारा मुलगा, मग तिचे केस, मग बोटांना फुटलेली पानं. संगमरवर तिथे इतका पातळ आहे की आरपार उजेड दिसतो.

इथे काराव्हाज्जोची सहा चित्रं आहेत, त्यातल्या एकाचा आपल्या धाग्याशी थेट संबंध आहे. मेरी आणि बाळ येशू मिळून सापाचं डोकं चिरडताहेत, शेजारी म्हातारी संत अ‍ॅन. हे चित्र सेंट पीटर्समधल्या एका वेदीसाठी काढलेलं. थोड्याच काळात ते तिथून काढून टाकलं आणि कार्डिनल शिपिओने बोर्गेझे यांनी ते विकत घेतलं. वेदीवरून उतरून श्रीमंताच्या दिवाणखान्यात आलेलं चित्र. आदल्या दिवशीच्या तीन चर्चनंतर ते बघाल तेव्हा त्याच्यासमोर मेणबत्ती नाही, वेदी नाही, हे तुम्हालाच जाणवेल.

तिसरा दिवस मिस्टरांचा. 'सगळी चर्च सारखी' याला माझ्याकडे औषध आहे. क्विरिनाल टेकडीवर एकाच रस्त्यावर, चार पावलांच्या अंतरावर दोन छोटी चर्च आहेत. एक बोरोमिनीचं सान कार्लो, १६३८ मध्ये सुरू झालेलं. दुसरं बर्निनीचं सांत आंद्रेआ, १६५८ चं. दोन्ही लंबगोल, दोन्ही इवलीशी, दोन्ही त्या काळातल्या एकमेकांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांची. बोरोमिनीकडे पैसा नव्हता आणि जागा कोपऱ्यातली, वेडीवाकडी. त्याने वीट, चुना आणि भूमितीवर काम भागवलं. घुमटाकडे बघा: क्रूस, षटकोन आणि अष्टकोन एकमेकांत अडकवलेले, आणि वर जाताना लहान लहान होत गेलेले, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच वाटतो. सगळं पांढरं. बर्निनीच्या चर्चमध्ये रंगीत संगमरवर, सोनं, आणि वेदीवर कुठून येतो ते दिसणार नाही असा उजेड. मिस्टरांना एवढंच सांगा की दोन्ही बघून, बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून, कुठल्या इमारतीचा नकाशा काढणं जास्त अवघड ते ठरवा. माझ्या अनुभवात कंटाळलेल्या नवऱ्यांपैकी निम्मे तरी इथून पुढे माझ्याही पुढे चालायला लागतात.

जवळच सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया आहे, बर्निनीची संत तेरेसा तिथे बघायला मिळते. बाजूच्या भिंतींवर नाटकाच्या बॉक्समध्ये बसल्यासारखे कोर्नारो घराण्यातले पुरुष कोरलेत, तेही बघा, म्हणजे सगळं चॅपलच एक रंगमंच आहे हे ध्यानात येईल.

दुपारी पालात्सो बार्बेरिनी. इथेही तीच जोडगोळी: एका बाजूला बर्निनीचा चौकोनी जिना, दुसऱ्या बाजूला बोरोमिनीचा लंबगोल, मळसूत्रासारखा फिरत जाणारा जिना. एकाने चढा, दुसऱ्याने उतरा. मधल्या दालनात पिएत्रो दा कोर्तोनाचं १६३० च्या दशकात रंगवलेलं अफाट छत आहे. पाठ टेकून बघायला बसण्याची सोय असेल तर ती सोडू नका. आणि धागा सुटू नये म्हणून काराव्हाज्जोची जुडिथ: एक कोवळी मुलगी नाक मुरडून माणसाचा गळा कापतेय.

चौथ्या दिवशी धागा मुद्दाम बदलते, कारण एकाच चित्रकारावर चार दिवस काढले की जीभेला एकच चव राहते. स्टेशनच्या बाजूचा भाग घ्या. सांता प्रास्सेदे बाहेरून चर्च आहे असं वाटतच नाही, गल्लीतलं एक दार एवढंच. आत पोप पास्काल पहिले (८१७ ते ८२४) यांनी करून घेतलेली मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, आहेत. सान झेनो नावाच्या चिमुकल्या चॅपलमध्ये शिरा. चार-पाच माणसं उभी राहिली की ते भरतं. भिंतीपासून छतापर्यंत सोनं. सोनेरी तुकडे मुद्दाम थोडे वाकडेतिकडे बसवलेले असतात, म्हणून आपण हललो की प्रकाश हलतो. तिथे एका बाईच्या डोक्यामागे गोल प्रभावळीऐवजी चौकोनी प्रभावळ आहे. ती पोपची आई थिओडोरा. चौकोनी प्रभावळ म्हणजे चित्र केलं तेव्हा ती व्यक्ती जिवंत होती. संतांचं वर्तुळ पूर्ण, जिवंत माणसाचं अजून कोपऱ्याकोपऱ्यांचं.

तिथून जवळच सांता मारिया माज्जोरे आणि सांता पुदेन्झियाना. माज्जोरेत पोप फ्रान्सिस यांचं दफन २०२५ मध्ये झाल्यापासून रांगा मोठ्या असतात, तेव्हा सकाळी लवकर जा किंवा सोडून द्या. तिथली पाचव्या शतकातली मोझेक इतक्या उंचावर आहेत की छोटी दुर्बीण नसेल तर नुसते रंगाचे ठिपके दिसतात. दुर्बीण एरवीही बरोबर ठेवा, छतांसाठी लागतेच. पुदेन्झियानात वेदीमागच्या अर्धगोलात येशूचे शिष्य रोमन सिनेटर असल्यासारखे टोगा घालून बसलेत. इसवी सन ४०० च्या आसपासचं हे काम.

दुपारी पालात्सो मास्सिमो. हे म्युझियम पहिल्या फेरीत बहुतेक सगळे चुकवतात. वरच्या मजल्यावर सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या प्रीमा पोर्ता इथल्या वाड्यातली एक पूर्ण खोली आहे, चारी भिंतींवर बाग रंगवलेली: डाळिंबं, पक्षी, वाऱ्याने कललेल्या फांद्या. खाली ब्राँझचा मुष्टियोद्धा आहे, १८८५ मध्ये क्विरिनाल टेकडीवर सापडलेला. लढत संपून बसलाय. गालांवरच्या जखमा तांब्याचे तुकडे जडवून लाल केल्यात, आणि रक्ताचे थेंब मांडीवर पडलेत तेही तांब्याचे. याला गुडघ्यावर बसून, त्याच्या नजरेच्या पातळीवर येऊन बघा.

राहिला अर्धा दिवस. इथे माझा सल्ला थोडा आगाऊपणाचा वाटेल: वेगळे फिरा. तुम्ही व्हॅटिकनच्या पिनाकोतेकाला जा, म्हणजे त्या सुटलेल्या चित्राच्या दालनाला. ते प्रवेशाजवळच आहे. गर्दीचा लोंढा सिस्टिनकडे वळतो, तुम्ही उलट वळा. किएझा नुओव्हातली प्रत बघून चार दिवस झालेले असतील, आता अस्सल बघा, आणि लादीच्या त्या कोपऱ्याखाली मनाने वेदी ठेवून बघा. याच पिनाकोतेकात राफाएलचं येशूच्या रूपांतराचं चित्र आहे, त्याचं शेवटचं मोठं काम. एवढं झालं की सिस्टिनला न जाता बाहेर पडलात तरी चालेल. तिकीट पूर्ण लागतं याची हळहळ वाटेल, ती वाटू द्या.

मिस्टरांनी चेंत्राले मोंतेमार्तिनीला जावं. १९१२ मध्ये सुरू झालेलं हे वीजकेंद्र. १९९७ मध्ये कापितोलीन म्युझियमच्या दुरुस्तीच्या वेळी तिथले प्राचीन पुतळे तात्पुरते इथे आणले आणि ते इथेच रमले. काळीकुट्ट डिझेल इंजिनं आणि त्यांच्यापुढे पांढरीशुभ्र व्हीनस. गर्दी जवळपास नसतेच.

आता यादीतलं काय गाळलं ते सांगते. कापितोलीन, व्हिला फार्नेझिना, सान क्लेमेंते आणि त्रास्तेव्हेरेमधली चर्च मी काढली. ती कमी दर्जाची आहेत म्हणून नव्हे, ती तिसऱ्या फेरीची आहेत. त्यातही सान क्लेमेंते काढताना हात जड झाला: बाराव्या शतकाच्या चर्चखाली चौथ्या शतकाचं चर्च आणि त्याखाली मिथ्रास या देवाचं मंदिर, असे तीन थर उतरत जाता येतात. पाऊस लागला आणि बागेतून चालणं रद्द झालं तर ते घ्या. सांत इन्यात्सियो या चर्चमध्ये मात्र जाता जाता डोकवा. तिथे छत बघायला ठेवलेल्या आरशासमोर फोटोसाठी रांग असते. रांगेत उभ्या राहू नका. जमिनीवर संगमरवराची एक गोल खूण आहे, तिच्यावर उभं राहून वर बघा. घुमट दिसेल तो घुमट नाही, पोत्सोने १६८५ मध्ये सपाट कॅनव्हासवर रंगवलाय. चार पावलं पुढे गेलात की तो वाकडा होतो. दोरिया पाम्फिलीला जाताना वाटेतच आहे, पाच मिनिटांचं काम.

बारीकसारीक तीन-चार गोष्टी. बोर्गेझे, बार्बेरिनी, मास्सिमो आणि मोंतेमार्तिनी सोमवारी बंद असतात, दोरिया पाम्फिली चालू असतं, म्हणून सोमवार आला तर पहिला दिवस त्यावर टाका. व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम्स फुकट असतात, आणि म्हणूनच त्या दिवशी मी तिकडे फिरकत नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, मध्ये घुसून चॅपल बघत फिरणं बरं दिसत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, ओढणी कामाला येते. एक आणि दोन युरोची नाणी पहिल्या दिवसापासून वेगळ्या बटव्यात जमवा, दिव्यांच्या पेट्या नोटा घेत नाहीत. वेळा मात्र जायच्या आठवड्यात एकदा ताज्या तपासून घ्या.

सगळ्यात आधी बोर्गेझेची वेळ बघा, बाकीचे दिवस तिच्याभोवती फिरवता येतील. ती मिळाली की तारखा कळवा, सोमवार-रविवार कुठे येतात ते बघून क्रम लावून देते. आणि बर्निनी-बोरोमिनीमध्ये मिस्टर कुणाच्या बाजूने गेले, तेही परत आल्यावर लिहा.